वैद्यकीच्या विद्यार्थ्याने विद्यापीठ कसे निवडावे?

चैत्र-वैशाखातील संध्याकाळी आपल्याकडे व्याख्यानांचा हंगाम असतो. त्याच सुमारास, मे महिन्याच्या आरंभी, वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षाही असते. त्यामुळे या मंडपात बसलेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांचे अर्धे मन व्याख्यानात आणि अर्धे घरी अभ्यासाला बसलेल्या मुलात किंवा मुलीत गुंतलेले असते. पुढे निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि ज्यांना एकाहून अधिक ठिकाणी जागा मिळण्यासारखी असते त्यांच्यापुढे नवाच पेच उभा राहतो. वैद्यकीय महाविद्यालयात शिकविण्यात आमचे सारे आयुष्य गेले असल्यामुळे या दिवसांत आमच्या दाराची कडी बऱ्याचदा वाजते. त्या बैठकींतून जे सुचले आणि जे सांगावे लागले, ते थोडे व्यवस्थित मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातील एक प्राथमिक शिक्षक आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलीला दोन जागा मिळण्यासारख्या होत्या. एक दूरच्या जिल्ह्यातील नव्या सरकारी महाविद्यालयात, दुसरी एका अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयात. पहिले महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, दुसऱ्याचे विद्यापीठ त्याचे स्वतःचे. गुरुजींनी पिशवीतून गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. सरकारी महाविद्यालयाचे असे पत्रक नव्हतेच. त्यांच्याकडे चार एकर कोरडवाहू जमीन होती आणि ती विकण्याची मनाची तयारी त्यांनी केलेली दिसत होती. त्यांनी विचारले, "साहेब, यातले मोठे विद्यापीठ कोणते?"

आम्ही त्यांना उलट विचारले, "गुरुजी, दोन्हीकडचे दवाखाने पाहिलेत का?"

त्यांनी इमारत पाहिली होती, वसतिगृह पाहिले होते, व्यायामशाळासुद्धा पाहिली होती. दवाखाना मात्र पाहिला नव्हता. यात त्यांचा दोष नाही. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा, घड्याळ आणि पदवीदानाचा झगा येतो. रोग्यांची रांग येत नाही. वैद्यकीच्या बाबतीत ती रांग हेच विद्यापीठ आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे आता पाहू.

विद्यापीठ म्हणजे काय?

आपल्याकडे विद्यापीठ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू वावरतात. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. स्वतः शिकवावयाचे नाही. महाविद्यालये शिकवतील, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, ही त्यामागची कल्पना. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठांची आपली सारी परंपरा तेथून निघाली. १९९८ साली नाशिकला स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच वंशातले. राज्यातील सरकारी, महापालिकांची आणि अभिमत नसलेली खासगी वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत, आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या याही शाखा त्याच्याच कक्षेत येतात. मुंबईच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला या विद्यापीठाचे दर्शन बहुधा प्रश्नपत्रिकेवर आणि गुणपत्रिकेवरच होते.

दुसरा प्रकार अभिमत विद्यापीठाचा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली एखाद्या संस्थेला हा दर्जा मिळतो. येथे शिकविणारे, अभ्यासाचा तपशील ठरविणारे, परीक्षा घेणारे आणि पदवी देणारे एकाच आवारात असतात. कुलगुरूंचे कार्यालय आणि शवविच्छेदनाची खोली यांच्यामध्ये एखादा बगीचा असतो एवढेच. याचे फायदे आहेत. परीक्षा वेळेवर होतात, निकाल लवकर लागतात, काही नवे करावयाचे ठरले तर परवानगीची फाईल शहराशहरांतून फिरत नाही. याचा तोटाही त्याच ठिकाणी आहे. फी घेणारा, शिकविणारा आणि परीक्षा घेणारा एकच असला म्हणजे त्याच्यावर त्याच्या स्वतःच्या सचोटीखेरीज दुसरा अंकुश फारसा राहत नाही. बाहेरचे परीक्षक बोलावण्याचा नियम दोन्हीकडे आहे. पण नियम पाळणे आणि नियमाचा हेतू पाळणे या दोन गोष्टी आहेत.

मात्र विद्यापीठाचे नाव आणि शिक्षणाचा कस यांचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नाही. पुण्याचे उदाहरण घ्या. १८६७ साली ससून रुग्णालय उघडले. १९४६ साली तेथील जुन्या वैद्यकीय शाळेचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि ते मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले. दोन-तीन वर्षांतच पुणे विद्यापीठ निघाले आणि महाविद्यालय तिकडे गेले. १९९८ नंतर ते नाशिककडे आले. पदवीच्या कागदावरचे विद्यापीठ असे दोनदा बदलले. ससूनच्या खाटा जागच्या जागीच राहिल्या, आणि विद्यार्थी शिकला तो त्या खाटांपाशी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची कथा याहून बोलकी आहे. ते १८४५ साली निघाले आणि १८५१ साली त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. मुंबईत तेव्हा विद्यापीठच नव्हते. 'ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर' एवढीच त्या तुकडीची पदवी. भाऊ दाजी लाड त्या तुकडीतले. विद्यापीठावाचून त्यांचे वैद्यकीय ज्ञान उणे राहिले असे कोणी म्हणणार नाही.

दोहोंत समान काय आहे

तुलना करताना आधी समान असेल ते बाजूला काढावे, म्हणजे निवडीचा खरा मुद्दा उघडा पडतो. आज दोन्ही प्रकारच्या विद्यापीठांत प्रवेश एकाच परीक्षेतून होतो. दोन्हीकडे अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. पदवीचे नाव एकच, एम.बी.बी.एस. राज्याच्या वैद्यकीय परिषदेत नाव नोंदविताना पदवी अमक्याच विद्यापीठाची हवी असे कोणी म्हणत नाही. महाविद्यालयांना मान्यता देण्याचे काम २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे आणि अभ्यासाची चौकटही सर्वांना तीच. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा देशव्यापी परीक्षा; तेथे क्रमांक विचारतात, विद्यापीठ विचारीत नाहीत.

तेव्हा 'मोठे विद्यापीठ कोणते' या प्रश्नाला वैद्यकीच्या पदवीपुरता फारसा अर्थ उरत नाही. असमान राहतात त्या चार गोष्टी: रोगी, शिक्षक, खर्च, आणि पदवीनंतरच्या बंधनांचे स्वरूप. विचार करावयाचा तो या चारांचा.

यातही सरकारी ते चांगले आणि अभिमत ते वाईट, किंवा याच्या उलट, असा सरधोपट निवाडा करता येत नाही. वर्धा शहराच्या आसपास थोड्या अंतरावर दोन संस्था आहेत. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी उभारली. कस्तुरबांच्या नावाच्या छोट्या दवाखान्यातून ती वाढली. तेथे प्रवेश घेतलेले विद्यार्थी प्रथम काही दिवस आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. ही संस्था नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न आहे. दुसरे सावंगीचे महाविद्यालय १९९० साली निघाले आणि पुढे अभिमत विद्यापीठाचा भाग झाले. दोन्हीकडे येणारा रोगी बव्हंशी तोच, विदर्भातला कापूस पिकविणारा शेतकरी. त्याला तपासणारा विद्यार्थी कोणत्या विद्यापीठाचा, हे तो विचारीत नाही. आपल्याला तपासावयाला कोणी आले आहे का आणि तो नीट ऐकून घेतो का, एवढेच तो पाहतो. विद्यार्थ्यानेही आपले महाविद्यालय याच नजरेने पाहावे.

बारा खाटांचे विद्यापीठ

रोग्याशिवाय वैद्यक शिकता येत नाही हे सर्वजण मान्य करतात. पण याचा नेमका अर्थ काय, हे वैद्यकाबाहेरच्या माणसाला सांगावे लागते. एक साधे उदाहरण घेऊ. हिवतापात पाणथरी वाढते. पुस्तकात ती कशी तपासावी हे पाच-सहा ओळींत लिहिलेले असते. रोग्याला उताणे निजवावे, हात ओटीपोटाच्या उजव्या बाजूपासून डाव्या बरगडीकडे हळूहळू न्यावा, रोग्याला खोल श्वास घ्यावयाला सांगावे. आम्ही या ओळी पाठ केल्या होत्या आणि परीक्षेत धडाधड लिहिल्याही होत्या. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र पहिले पंधरा दिवस आमच्या बोटांना काहीच लागले नाही. मग एके सकाळी आमच्या गुरूंनी आमच्या हातावर आपला हात ठेवून म्हटले, "दाबू नकोस, वाट पाहा." रोग्याने श्वास घेतला आणि बरगडीखालून काहीतरी हलकेच येऊन बोटाला टेकून गेले. त्या दिवसानंतर पाणथरी आम्हांस कधी चुकली नाही.

या छोट्या प्रसंगात दोन गोष्टी होत्या, रोगी आणि गुरू. दोहोंपैकी एक नसती तर आमचे बोट अडाणीच राहिले असते.

अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडेन येथे बोअरहावे नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे शिकवण्यासाठी राखलेल्या खाटा अवघ्या बारा, सहा पुरुषांच्या आणि सहा बायकांच्या. त्या बारा खाटांभोवती उभे राहण्यासाठी साऱ्या युरोपातून विद्यार्थी येत. त्यांच्या शिष्यांनी मायदेशी परतून १७२६ साली एडिंबरोला वैद्यकीची शाखा उभी केली. त्या काळी इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोन अतिप्राचीन, अतिप्रतिष्ठित विद्यापीठे होती. पण ऑक्सफर्डमध्ये पाऊल टाकतानाच चर्चच्या धर्ममताला मान्यता दर्शविणारी सही करावी लागे, आणि खाटेपाशी शिक्षण म्हणावे तर ते फारसे नव्हते. त्या काळातील ज्या इंग्रज मुलाला खरोखर वैद्य व्हावयाचे होते, त्याला शहाणा बाप ऑक्सफर्डचे नाव सोडून एडिंबरोचा रस्ता दाखवीत असे.

आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत खाटा बारा नव्हेत, बाराशेच्या घरात असतात. यामुळे सरकारी जागेची शिफारस आपोआप सिद्ध होते असे मात्र समजू नये. गर्दी म्हणजे शिक्षण नव्हे. बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत एक रोगी निपटावा लागत असेल, तर विद्यार्थी पाहतो ती घाई, वैद्यक नव्हे. कित्येक ठिकाणी अध्यापकांची पदे रिकामी असतात, आणि आंतरवासितेतील मुले रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचविण्यात व केसपेपर शोधण्यात वर्ष घालवितात. उलट काही अभिमत विद्यापीठांत अध्यापक पुरेसे आणि हजर असतात, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असते, शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती गर्दी नसते. पण वॉर्ड अर्धे मोकळे असतात. बाराशे खाटा आणि गुरू गैरहजर, किंवा गुरू हजर आणि खाटा मोकळ्या; दोन्ही अवस्थांत विद्यार्थ्याचे नुकसान आहे.

कुलूप उघडून पाहावे

मग कळावे कसे? या बाबतीत अब्राहम फ्लेक्स्नर या अमेरिकन गृहस्थांचा धडा घेण्यासारखा आहे. ते डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. अमेरिका व कॅनडा या देशांतील १५५ वैद्यकीय विद्यालये त्यांनी पाहिली आणि १९१० साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी बरीच विद्यालये निव्वळ फी मिळविण्याची दुकाने होती. एका ठिकाणी दारांवर शरीररचना, शरीरक्रिया अशा पाट्या होत्या आणि सर्व दारांना कुलपे. चालक बरोबर असताना किल्ली सापडेना. फ्लेक्स्नर निरोप घेऊन निघाले, थोड्या वेळाने एकटेच परत आले, शिपायाच्या हातावर काही डॉलर ठेवले आणि दारे उघडविली. आत खुर्च्या, टेबल आणि एक लहानसा फळा यांखेरीज काही नव्हते. त्यांच्या अहवालानंतर अशी अनेक विद्यालये बंद पडली.

आमचे पालकांना सांगणे असे की, थोडे फ्लेक्स्नर व्हा. शिपायाला पैसे देण्याची गरज नाही. महाविद्यालय दाखविण्यासाठी ठेवलेल्या माणसाबरोबर जाऊ नका, एवढे पुरे. कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, रोग्याचा नातेवाईक जातो तसे जा. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग आहे का पाहा. वॉर्डातल्या खाटा भरलेल्या आहेत का, आणि खाटेवरचा माणूस खरोखर आजारी दिसतो का पाहा. तपासणीच्या दिवसापुरते गावाकडून माणसे आणून खाटांवर निजविल्याच्या कथा आपल्या देशात नव्या नाहीत. अध्यापकांच्या खोट्या हजेरीची तक्रार इतकी वाढली की आयोगाला बोटाच्या ठशाची आणि चेहऱ्याची हजेरी लावावी लागली. वॉर्डात राउंड चालू असेल तर प्राध्यापकांच्या मागे विद्यार्थी आहेत का, आणि प्राध्यापक त्यांच्याशी बोलतात का, हे दुरून पाहा.

नंतर चहाच्या टपरीवर जा. तेथे तिसऱ्या वर्षाची मुले भेटतील. त्यांना महाविद्यालय कसे आहे असे विचारू नका; त्याचे उत्तर सवयीने येते. किती जणांमागे एक शव होते, ते विचारा. गेल्या आठवड्यात स्वतः किती रोग्यांची हकीकत लिहून काढली, ते विचारा. आंतरवासितेतल्या मुलींना किती बाळंतपणे स्वतःच्या हाताने केली ते विचारा. वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांना रात्री झोपू देतात का, हेही विचारा. या प्रश्नांना खोटे उत्तर देणे कठीण असते आणि खरे उत्तर चेहऱ्यावर आधी येते. शेवटी वॉर्डातल्या मावशींशी दोन शब्द बोला. कोणते डॉक्टर रात्री बोलावल्यावर येतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

२०२१-२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे नियमाने जावे, असा दंडक अभ्यासक्रमात आला आहे. ती कुटुंबे कोणत्या गावची, शेवटची भेट केव्हा झाली, हे मुलांना सांगता येते का पाहा. जेथे सांगता येते तेथे इतर गोष्टीही बहुधा ठीक असतात.

देणे कोणी फेडावयाचे?

आता खर्चाचा प्रश्न, आणि हा आमच्या मते सर्वांत अवघड आहे. सरकारी महाविद्यालयाची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास असते. संलग्न खासगी महाविद्यालयांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत, आणि तेथील फी कित्येक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. राज्य शासनाने २०२४ साली, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बळ गटांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले; तीही सवलत खासगी अभिमत विद्यापीठांस लागू नाही.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका घराने ८० लाखांचे कर्ज दरसाल दरशेकडा १० व्याजाने काढले आणि ते दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले. महिन्याचा हप्ता एक लाख पाच हजारांच्या वर जातो आणि दहा वर्षांत एकूण १ कोटी २६ लाखांहून अधिक रक्कम भरावी लागते. शिकत असतानाचे व्याज यात धरलेले नाही. पंचविशीतला नवा डॉक्टर पहिल्या दिवसापासून हा हप्ता कोठून देणार? त्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे, लग्न करावयाचे आहे, दवाखाना थाटावयाचा आहे.

याचे उत्तर कोणी मोठ्याने बोलत नाही, पण ते सर्वांना माहीत आहे. हप्ता शेवटी रोग्याकडून वसूल होतो. नको असलेली तपासणी, नको असलेली सलाईन, टाळता आली असती अशी शस्त्रक्रिया, या सर्वांच्या मुळाशी दर वेळी लोभच असतो असे नाही. कधी कधी बापाची विकलेली जमीन असते. सज्जन मुलगासुद्धा कर्जाच्या ओझ्याखाली हळूहळू वाकतो. म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने कोणते विद्यापीठ निवडावे, हा प्रश्न तिच्या घरापुरता राहत नाही. तिच्याकडे पुढे येणाऱ्या हजारो रोग्यांचा त्याच्याशी संबंध आहे. ते आज या खोलीत हजर नसतात, म्हणून त्यांच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे.

ज्यांना हा खर्च सहज झेपतो त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. अभिमत विद्यापीठांतून निघालेले उत्तम, निःस्पृह डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. आम्ही बोलतो ते कर्ज काढून जाणाऱ्यांविषयी.

सरकारी जागेलाही एक देणे असते. तेथे शिकलेल्याला पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते. पुष्कळ पालक याला बेडी समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता साप चावलेला माणूस येतो आणि आसपास आपल्याखेरीज दुसरा डॉक्टर नसतो, त्या एका रात्रीत डॉक्टर जितका घडतो तितका वर्षभराच्या व्याख्यानांत घडत नाही. एक देणे पैशाचे, एक सेवेचे. कोणते डोक्यावर घ्यावयाचे, हे घराने मिळून ठरवावे.

आनंदीबाईंची निवड

असा पेच आपल्याकडे आज प्रथमच पडला आहे असेही नाही. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश होता. तरी आनंदीबाई जोशी १८८३ साली सातासमुद्रापलीकडे फिलाडेल्फियाला गेल्या. देशात सोय असताना परदेशी का, असा लोकांचा सवाल होता. श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी त्याचे उत्तर दिले. मद्रासला महाविद्यालय आहे हे त्यांना ठाऊक होते. पण तेथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे आणि शिकविणारे जुन्या वळणाचे, काहीसे मत्सरीही आहेत, असे त्यांचे मत झाले होते. अठरा वर्षांच्या त्या मुलीने ना नावाचा विचार केला ना अंतराचा. आपल्याला तेथे मनापासून शिकवतील का, एवढेच पाहिले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या पदवीधर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातून रोगी बरे होण्याचे राहून गेले. निवड कशी करावी, याचा वस्तुपाठ मात्र त्या घालून गेल्या.

आमच्या गुरुजींविषयी सांगावयाचे राहिले. मुलीला घेऊन ते दोन्हीकडे जाऊन आले. अभिमत विद्यापीठात ग्रंथालय उत्तम होते, शिक्षक हजर होते, वॉर्ड निम्मे भरलेले होते. सरकारी महाविद्यालयात शरीररचनेच्या विभागात पदे रिकामी होती आणि वसतिगृहाच्या नळाला पाणी नव्हते. पण जुन्या जिल्हा रुग्णालयाच्या दारात सकाळी आठ वाजताच रांग लागली होती, आणि एक वयस्क प्राध्यापक खाटेपाशी उभे राहून दहा-बारा मुलांना काही दाखवीत होते. मुलगी तेथे अर्धा तास उभी राहिली. जमीन विकली गेली नाही.

तिचे सर्व सुरळीत चालले आहे असे नाही. शरीररचना तिला वरच्या वर्गातल्या मुलींकडून शिकावी लागली. पाण्याची तक्रार अजून आहे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तिचा आम्हांस फोन आला. हिवतापाचा रोगी होता, सरांनी तिच्या हातावर हात ठेवला होता आणि पाणथरी तिच्या बोटाला लागली होती. ती बराच वेळ तेच तेच सांगत होती. आम्ही ऐकत होतो.

जूनमध्ये पुन्हा निकाल लागेल आणि पुन्हा घरोघर कागद पसरले जातील. पालकांना आमची विनंती एवढीच. विद्यापीठाचे नाव शेवटी वाचावे. आधी रोगी पाहावेत, मग शिक्षक पाहावेत, मग आपली पासबुके पाहावीत. या तिन्हींचा मेळ जेथे बसेल ते विद्यापीठ आपल्या मुलासाठी मोठे.